भोसरीतला तांडेल

भोसरीत समुद्र नाही. इंद्रायणीसुद्धा तशी लांबच. तरी लालमहंमदनं खोलीमागच्या अंगणात होडी बांधायला घेतली, तेव्हा अख्ख्या चाळीला हसायला निमित्त मिळालं.

"चाचा, आता ही काय गटारात सोडता व्हय?" शेजारचा ज्योतीराम विचारायचा.

"पहिला तूच बस," म्हातारा म्हणायचा. "बुडालास तर तेवढीच आंघोळ!"

माणूस होताच तसा. कोकणकिनाऱ्यापुढच्या एका बेटावर जन्मला, बापाच्या हाताखाली गलबतांचं सुतारकाम शिकला. कागदावर रेघ न मारता नुसत्या नजरेनं फळी वाकवायचा. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस असा ठोकायचा, की पाण्याचा थेंब आत येईल तर शपथ! पुढं स्वतः बांधलेल्या गलबतावर तांडेल, म्हणजे कप्तान झाला. कौलं घेऊन आफ्रिकेला जायचा, बसऱ्याहून खजूर आणायचा. मग शिडांचे दिवस सरले, बायको गेली. पोराला काखोटीला मारून तो घाटावर आला आणि भोसरीच्या एका वर्कशॉपात ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करू लागला.

पोरगा शौकत मात्र लेथवर टिकला नाही. रक्तच खारट, करता काय! निकाहाला वर्ष होतं न होतं तोच मुंबईहून दुबईला जाणाऱ्या गलबतावर चढला. खोलीत उरली त्याची बायको सुरय्या आणि सासरा. म्हाताऱ्यानं त्याच आठवड्यात वर्कशॉपातले टाकाऊ सागवानी तुकडे गोळा करून होडी सुरू केली.

"घरचा माणूस दर्यावर असला की घरात एक होडी राखायची," तो सुनेला म्हणाला. "आमच्या बेटाचा रिवाज हाय. आणि बाय, ती कदी पालथी घालायची नाय. इथं पालथी, की तिथं पालथी."

सुरय्या पदराआड हसली. काळेवाडीत वाढलेली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली पोरगी ती. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत म्हातारा गेला. होडी पुरी झाली होती, काठ तासायचा तेवढा राहिला होता. चाळिसाव्याला वर्कशॉपची माणसं आली आणि त्याच्या गोष्टी सांगता सांगता रडत हसली. शौकतला कळवायचं राहूनच गेलं. पाण्यावरच्या माणसाला कळवायचं तरी कुठल्या पत्त्यावर?

मग फाल्गुनात अवकाळी सर आली आणि होडीत पाणी साठलं.

"वहिनी, डास व्हतील," ज्योतीराम म्हणाला. "मलेरियावाला बोंबलंल. आमी पातेली घालतो तशी पालथी घालू या की."

शहाणपणाचंच बोलणं होतं. दोघांनी मिळून होडी पालथी घातली.

सकाळी ती सरळ होती.

पोरांचा वाह्यातपणा, दुसरं काय! सुरय्यानं चाळीतल्या पोरांना फैलावर घेतलं आणि ज्योतीरामला हाक मारून होडी पुन्हा पालथी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ. आता तीही इरेला पडली. पालथ्या होडीवर तिनं मसाल्याचा पाटा ठेवला. दुपारी पाळीचा भोंगा झाला तेव्हा मागं जाऊन बघते, तर होडी सरळ आणि पाटा होडीच्या आत, तळाशी, बरोब्बर मधोमध. गलबत डगमगू नये म्हणून तळात दगड ठेवतात, हे सासऱ्यानंच तिला सांगितलं होतं. चाळीतल्या पोरांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्याच आठवड्यात गलबताच्या मालकाचा माणूस निरोप घेऊन आला. मस्कतच्या पुढं वादळ झालं होतं आणि गलबताचा ठावठिकाणा लागत नव्हता. आशा धरू नका, म्हणाला.

सुरय्याचा थोरला भाऊ युसुफ काळेवाडीहून धावत आला. त्याचं तिथं छोटं दुकान होतं. बहिणीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला.

"जुम्म्याची नमाज झाली की येतो," तो म्हणाला. "त्याच्यासाठी दुआ करून घेऊ. मग तुला घरी नेतो, चार महिने दहा दिवस इद्दतीला बसावं लागेल. बांगड्या तेवढ्या तूच काढून ठेव गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

तो गेला आणि सुरय्याला असा संताप आला म्हणता! मेलेल्या सासऱ्यावर, त्याच्या बेटावर, रिवाजावर. कुणालाही हाक न मारता ती एकटीच मागं गेली आणि सगळं बळ लावून तिनं होडी उलटवली.

"झालं ना पालथं तिथं? मग ही तरी कशाला सरळ हवी!"

शुक्रवारी दुपारी ती दाराशी हात पुढं धरून बसली होती. एकही बांगडी निघत नव्हती.

ठक. ठक. ठक.

लाकडी हातोडीचा आवाज. मागच्या अंगणातून.

तो आवाज तिनं वर्षभर ऐकला होता.

ती मागं धावली. अंगणात कुणी नव्हतं. होडी सरळ होती आणि भरत होती. वर रणरणतं ऊन, खाली ठणठणीत कोरडी माती, आणि तळाच्या फटींतून पाणी उसळून वर येत होतं.

तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

ठक ठक ठक ठक. आता घाईघाईनं.

सुरय्यानं उशी फाडली. कापूस तेलात बुडवला. सासऱ्याची हातोडी उचलली आणि साडी खोचून होडीत उतरली. पाणी बर्फासारखं गार होतं.

ती ठोकू लागली. एक फट, मग दुसरी.

"सुरय्या!" दारात युसुफ उभा होता, डोक्यावर नमाजाची टोपी. "अगं, वेड लागलं का तुला?"

"नंतर विचार, भाईजान! तो डालड्याचा डबा घे आणि उपस!"

आणि भला माणूस खरंच उपसू लागला.

शेवटची फट बुजली. ती न दिसणारी दुसरी हातोडी थांबली.

पाणीही थांबलं.

युसुफनं ओठांवरचं पाणी पुसलं आणि तो दचकून बहिणीकडं बघू लागला. "दुआचं पुढच्या जुम्म्याला बघू," एवढंच तो म्हणाला. बांगड्यांचं नाव त्यानं काढलं नाही.

पुढचा जुम्मा उजाडायच्या आत शौकत आला!

काळा ठिक्कर, दाढी वाढलेली, हाडांचा सापळा, पण जिता. सुरय्यानं त्याला आधी बडवलं, मग त्याच्या गळ्यात पडून रडली. ज्योतीरामनं पेढे वाटले. शौकत सांगत होता, तळाची फळी उकलली होती, सगळ्यांनी कलमा पढून घेतला होता आणि शुक्रवारी भर दुपारी आत येणारं पाणी आपोआप थांबलं. दोन दिवसांनी एका मोठ्या बोटीनं त्यांना उचललं आणि मुंबईला आणून सोडलं.

किती दिवसांनी सुरय्याला सपाटून भूक लागली होती. भाकऱ्या थापताना ती चक्क गुणगुणत होती. बाप गेल्याचं त्याला जेवण झाल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. चाळीलाही गप्प राहायला बजावलं होतं. तिनं दोन ताटं मांडली.

"दोनच?" शौकत म्हणाला. "आणि अब्बांचं?"

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. "अब्बा..."

"येतायत ना मागून. बंदरावर मला घ्यायला आले होते. एस.टी.त खिडकीशी माझ्या शेजारीच बसलेले. पार भिजले होते, विचारलं तर नुसते हसले. नाशिक फाट्याला उतरल्यावर म्हणाले, तू हो पुढं, सून वाट बघत असंल."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून तिकिटं काढून तिच्यापुढं ठेवली. दोन होती. एक कोरडं, दुसरं ओलंगच्च.

सुरय्याला भीती वाटली, पण घरातल्या वडीलधाऱ्याची वाटते तेवढीच. तिनं उठून दाराची कडी काढली आणि तिसरं ताट मांडलं.