रोंदिनेच्या इंजिनाची चोरी

सरळ रस्ता आला की रोंदिने उधळायची. आज सरावात ती उधळली नाही. ट्रॅकच्या कुंपणाला लटकून एनेआ "दाब, आई, दाब!" असं ओरडत होता, पण मागून आलेल्या दोन गाड्या सहज पुढे निघून गेल्या आणि त्याचा आवाज आपोआप बसला.

रोंदिने ही एनेआ आणि देलियाच्या आजोबांची दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार, त्यांच्या आईपेक्षाही वयाने मोठी. सप्टेंबरात जुन्या गाड्यांची शर्यत होती. गाडी आई चालवणार होती आणि इंजिन आजोबांनी घडवलं होतं. इंजिनाच्या वर ॲल्युमिनियमचा एक जड ठोकळा असतो, त्याला हेड म्हणतात. त्यातल्या चार वाटांनी हवा आत जाते. त्या चारही वाटा ओरियानो आजोबांनी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन हाताने रुंद आणि गुळगुळीत केल्या होत्या. दोन हिवाळे गेले होते त्यात.

आई गाडीतून उतरली आणि हेल्मेट काढत म्हणाली, "बाबा, हिला श्वासच घेता येत नाहीये."

आजोबांनी बॉनेट उघडून आत पाहिलं. त्यावर बोलला तो वाल्तेर, आणि तोही संध्याकाळी, चौकातल्या कॉफी-आइस्क्रीमच्या बारमध्ये, सगळं गाव पत्ते खेळायला जमलेलं असताना. वाल्तेरचं गावात मशीनचं वर्कशॉप होतं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवेच्या झडपांच्या, बैठका नव्या बसवायच्या तर मशीन लागतं, म्हणून गेल्या महिन्यात आजोबांनी हेड त्याच्याकडे दिलं होतं. त्याच्याकडे अशीच एक निळी गाडी होती, आणि शर्यतीत तोही होता.

"ओरियानोचे हात संपले आता," तो अख्ख्या बारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "हेड पाहिलं ना मी. कसलं कानसकाम आणि कसलं काय! म्हाताऱ्याला लोणी कापायला द्या."

लोक हसले. हसणाऱ्यांत आजोबांचे शाळेपासूनचे मित्रही होते, हे देलिया कधी विसरणार नव्हती. ती तेरा वर्षांची होती आणि तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण त्या संध्याकाळी तो तिथून खाली उतरून पोटात जाऊन बसला. आजोबांनी कॉफी अर्धीच ठेवली आणि टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं की ते गाडी विकणार. वाल्तेर सकाळीच सुट्टीवर समुद्रावर गेला होता, तो परत आला की त्यालाच देणार, कारण त्याने मागितली होती. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, बोटांना मुंग्या येतात, वाल्तेर म्हणतो ते खरंच असणार. आई भांडली. देलियाने ताट सरकवलं. आजोबा शांतपणे भाकरीत चीज भरत राहिले, आणि त्या शांतपणाचाच देलियाला सगळ्यात जास्त राग आला.

दुपारी अख्खं गाव झोपलं. गॅरेजमध्ये आजोबांनी उतरवून ठेवलेलं हेड टेबलावर पडलं होतं. तिथे दहा वर्षांचा एनेआ त्याच्या आवडत्या जिभांशी खेळत बसला होता. या जिभा म्हणजे रबराचे चार साचे. काम संपल्यावर आजोबांनी हेडच्या प्रत्येक वाटेत पातळ रबर ओतलं होतं आणि ते घट्ट झाल्यावर ओढून काढलं होतं. आतली वाट कशी झाली ते डोळ्यांनी दिसत नाही, ते अशा साच्यावरून कळतं. एनेआ त्या जिभा ओठांत धरून मांजराला घाबरवायचा.

"ताई, ही आत जात नाही," तो म्हणाला.

"उलटी धरली असशील, गाढवा."

उलटी नव्हती. देलियाने स्वतः घालून पाहिली. चारही जिभा चारही वाटांत अर्ध्यावर अडकल्या. ज्या वाटेतून जीभ निघाली, त्या वाटेत ती परत जाणार नाही, असं कसं होईल? हेडच बदललं असेल तरच, आणि ते बाहेर गेलं होतं फक्त वाल्तेरकडे.

ती धावत आजोबांकडे गेली. त्यांनी खाटेवरून उठायचीही तसदी घेतली नाही. रबर जुनं झालं, फुगलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

"रबर जुनं झालं की आकसतं, आजोबा. आकसलं असतं तर उलट सहज गेलं असतं."

आजोबांनी उशी कानावर ओढली. देलियाच्या बाबांनी तर चक्क दम भरला. वाल्तेर सुट्टीवर गेलाय, माणूस समोर नसताना त्याच्यावर चोरीचा आळ घेते म्हणून! मोठ्यांचं हे असंच असतं. मोठा माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाबद्दल वाट्टेल ते बोलला तर ती गंमत, आणि मुलं खरं बोलली तर तो आगाऊपणा.

देलियाने तिसऱ्या वाटेची जीभ खिशात घातली आणि सायकल काढली. एनेआ मागे बसला. कोपऱ्यावरून ज्योएलेही आला. तो तिच्याच वर्गात होता, आणि त्याच्या वडिलांच्या तीनचाकी टेंपोतून अख्ख्या गावाला कलिंगडं जायची. तिघं वाल्तेरच्या वर्कशॉपसमोर थांबले. शटर बंद होतं. वर पाटी होती: 'सुट्टीनिमित्त बंद. समुद्रावर गेलो आहे.' ऑगस्टच्या मध्यावर अशी पाटी सगळ्याच दुकानांवर असते. ती कुणी वाचत नाही आणि दार कुणी ठोठावत नाही.

"आवाज येतोय," एनेआ म्हणाला.

शटरामागे कॉम्प्रेसर घरघरत होता.

"समुद्रावर गेलाय म्हणे," देलिया दातओठ खात म्हणाली. "आत बसून आजोबांचं हेड स्वतःच्या गाडीला लावतोय. कुणी बघू नये म्हणून ही पाटी!"

शटर लाथेने फोडायचं तिच्या मनात होतं. ज्योएले म्हणाला, लाथेने फक्त पाय मोडेल. आत भट्टी झाली असेल, माणसाला तहान लागली असेल. शटर आपण कशाला उघडायचं? तोच उघडेल.

एनेआला आजोबांना आणायला पाठवलं. काय वाट्टेल ते कर, रड, लोळण घे, पण आण, असं त्याला बजावलं. ज्योएले टेंपोतून बर्फाच्या पाण्यातलं एक कलिंगड घेऊन आला. देलिया तिसरी जीभ हातात धरून भिंतीला चिकटून उभी राहिली.

"वाल्तेरकाका," ज्योएलेने शटरावर टकटक केली. "बाबांनी गार कलिंगड पाठवलंय. बाहेर ठेवू का? उन्हात फुटेल."

कॉम्प्रेसर थांबला. आत बराच वेळ विचार झाला असावा. मग शटर गुडघ्याएवढं वर गेलं आणि तेलकट हात बाहेर आला. ज्योएलेने कलिंगड त्या हातात न देता शटराखालीच सारलं. आता शटर खाली येणार नव्हतं. देलिया सरपटत आत घुसली.

निळ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. हवा आत सोडणारे कार्ब्युरेटर अजून लावायचे होते, त्यामुळे हेडच्या चारही वाटा समोरच उघड्या होत्या. वाल्तेर "ए, ए पोरी!" करत वळेपर्यंत तिने जीभ तिसऱ्या वाटेत घातली. लोण्यात सुरी जावी तशी ती शेवटपर्यंत गेली.

"काय लावलंय हे? निघ इथून."

"निघते. आधी हे कुणाचं हेड आहे ते सांग, वाल्तेर." काका म्हणायचं तिने त्या क्षणी सोडलं.

तो म्हणाला की हेडं सगळी सारखीच असतात. मग म्हणाला की चुकून अदलाबदल झाली असेल. चूक झाली तर पाटी कशाला लावली, असं देलियाने विचारलं. त्यावर त्याने तिचा दंड धरला.

"हात काढ."

आजोबा शटर वर ढकलून आत आले होते, बनियनवर, पायांत घरातल्या चपला. मागे धापा टाकणारा एनेआ होता. वाल्तेरने हात काढला.

आजोबांनी चष्मा शोधला नाही. जीभ बाहेर काढली आणि वाटेत बोट घातलं. ते बोट आत कुठेतरी थांबलं. मग त्यांनी जिभेवरून अंगठा फिरवला. तिथे एक बारीक उंचवटा होता.

"इथे कानस निसटली होती माझी," ते म्हणाले. "रेघ पडली. पुसायची राहून गेली."

त्यांचा चेहरा लाल होत गेला. देलियाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"चोर तू आहेस, वाल्तेर. पण तुझ्यावर नाही माझा एवढा राग. तू म्हणालास माझे हात संपले आणि मी ते ऐकून घेतलं!"

वाल्तेर गयावया करू लागला. हेड आत्ता काढून देतो, शर्यतीतून नाव मागे घेतो, पण हे बाहेर जाऊ देऊ नका, म्हणाला. आजोबा विचारात पडले. तेवढ्यात देलिया म्हणाली, "नाही. जिथे बोललास तिथे येऊन सांगायचं."

संध्याकाळी बार भरलेला होता. त्याच टेबलांवर तेच लोक होते. वाल्तेर मधोमध उभा राहिला आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," देलिया म्हणाली.

वाल्तेरने आशेने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी कानामागे हात धरला.

"मलाही नाही आलं."

मग त्याने सांगितलं, मोठ्याने, सगळं. खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. काल सगळ्यात जोरात हसलेले आजोबांचे मित्र उठून आले आणि म्हणाले, "ओरियानो, पोरं वाघ आहेत तुझी." आजोबा म्हणाले, पोरांचं काय सांगता, काल हसलात तेव्हा माझ्याकडे बघायचं होतं. मित्र मान खाली घालून परत बसले.

तिघांना बारवाल्याने आइस्क्रीम दिलं, बाबांनी कुणी न सांगता देलियाची माफी मागितली. आई तर एनेआला मिठीतून सोडेचना.

आजोबांनी या वेळी कॉफी पूर्ण संपवली.

"उद्या सकाळी लवकर ये," ते देलियाला म्हणाले. "हेड बसवायच्या आधी ती रेघ पुसायची आहे. कानस तू धरायचीस."