चढावरचं गवत

"अजून एक चढ? ताई, मघाशी तू म्हणाली होतीस, हा शेवटचा!"

"मघाचा शेवटून दुसरा होता. पेडल मार, बोलू नकोस!"

हिमांशूने पेडल मारलं नाही. तो सरळ सायकलवरून उतरला आणि हँडल धरून चालायला लागला. 'शेवटचा' या शब्दावरचा त्याचा विश्वास आज सकाळीच उडाला होता.

सुट्टीत पोरं आंबे खातात, लोळतात, पत्ते खेळतात. पण हिमांशूच्या ताईला, म्हणजे सावनीला, सायकलच्या शर्यतीत उतरायचं होतं! शहरात सराव करायचा म्हटलं, तर त्यांच्या घरापासून औरंगपुऱ्यापर्यंतचा रस्ता निम्मा खोदलेला आणि निम्मा बुजवायचा राहिलेला. म्हणून ती पिशोरच्या पलीकडे घोडबारवला मालनआत्याकडे आली, आणि येताना धाकट्या भावालाही ओढून घेऊन आली. इथे रस्ते मोकळे होते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधूनच एखादं जुनी वेस असलेलं गाव, आणि चढ! जिकडे बघावं तिकडे चढ!

सगळ्यात संताप आणणारा होता तो आत्याचा मुलगा माऊली. त्याचे वडील कन्नडला साखर कारखान्यात कामाला होते. त्यांची काळी, अवजड, बिनगिअरची सायकल माऊली चालवायचा, आणि तरीही दोघांच्या पुढे जाऊन वाट बघत उभा राहायचा. वर शीळ वाजवायचा!

"आलात का? मला वाटलं, तिकडंच मुक्काम केला!"

हिमांशूचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो रस्त्याच्या कडेला बघत होता.

"इथे गवत आहे," तो म्हणाला.

"मग खा!" सावनी म्हणाली.

"ताई, चेष्टा नको. हिरवं गवत आहे. मागच्या चढालाही होतं, त्याच्या मागच्यालाही. सपाटीवर कुठेच नाही."

"तुला काय माहीत?"

"सपाटीवर मी समोर बघतो. चढावर माझी मान खालीच असते! इथल्या प्रत्येक चढाचं डांबर मी तोंडपाठ केलंय!"

माऊलीची शीळ थांबली. तीन वर्षं धड पाऊस नव्हता. गावातली जुनी बारव तळापर्यंत कोरडी पडली होती. मग रस्त्याच्या कडेला हिरवं गवत कसं?

तिघं पुन्हा मागे गेले. हिमांशू कुरकुरत, पण गेला. गवत फक्त गावाकडे येतानाच्या चढांवर होतं. पहिल्या, सगळ्यात उंच चढाला दाट, पुढच्यांना विरळ. गावाकडे येताना जिथे उतार लागायचा, तिथे धुरळा आणि कुसळं.

"या रस्त्यानं पाणी घेऊन रोज एकच गाडी येते," माऊली म्हणाला. "गावाचा टँकर."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सायकली गावाकडे वळवल्या.

गावात भांडण ऐन रंगात आलं होतं. वेशीपाशी टँकर उभा. पुढच्या घरांचे ड्रम भरले होते, मागच्यांचे निम्मे, आणि शेवटच्या चतुराबाईंच्या ड्रममध्ये टिपूसही नव्हता. चतुराबाई कमरेवर हात ठेवून मालनआत्यासमोर उभ्या होत्या.

"आमच्या ड्रमात खडखडाट, आन् हिच्या वेलींना पालवी! पाणी जातं कुठं, ते आंधळ्यालाबी दिसतंय!"

"चतुराकाकू, माझ्या बागेला माझ्या शेततळ्याचं पाणी आहे," आत्या म्हणाली. "पावसाचं साठवलेलं. थेंब थेंब देते मी. वेलींच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलंय, या ना बघायला!"

बघायला कोण येतंय! सरपंच आप्पासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"टँकर विहिरीवर भरतो तेव्हा मी जातीनं वर चढून बघतो. काठोकाठ असतो. मग मी मोटारसायकलवर पुढं येतो आन् इथं पुन्हा चढून बघतो, तर हातभर कमी! म्हंजे वाटेत चोरी होते. आन् वाटेत बाग कुणाची? मालनबाईची. उद्या सकाळी शेततळं उपसायचं आन् गावाला वाटायचं. ठरलं!"

आत्याने वळून बागेकडे बघितलं. तळ्यातलं पाणी जेमतेम पावसाळ्यापर्यंत पुरणार होतं. ते गेलं की बाग वाळणार. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग!

"आप्पासाहेब, चढावर गवत..." हिमांशूने तोंड उघडलं.

"मोठ्यांच्या मधी बोलायचं नाय!"

झालं! मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही आणि मोठे तर सारखे मध्ये बोलतात! चरफडत हिमांशू टँकरच्या मागच्या शिडीवर चढला. वर टाकीच्या अगदी मागच्या टोकाला एक गोल तोंड होतं. उघडंच!

"कचरूमामा, याचं झाकण कुठंय?"

ड्रायव्हर कचरू बिडी शोधत होता. "आप्पासाहेबांच्या घरी. टँकरवाले वाटेत पाणी विकतात असं कुठं तरी ऐकलं त्यांनी. म्हणाले, तोंड उघडं ठेव, म्हंजे मला कवाबी बघता येईल."

"आणि चढावर पाणी सांडत नाही?"

"सांडत असंल. मी पुढं बसतो, मागं कोण बघतंय?"

हिमांशूला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मागे टाकी, मागे पाणी, आणि मागे कुणीच बघत नव्हतं!

सावनीने आप्पासाहेबांना त्यांच्या दारातच गाठलं. तिने आपली बाटली भरली, बूच काढलं आणि चढावरच्या टाकीसारखी तिरकी धरून पाणी कसं सांडतं ते दाखवलं. आप्पासाहेबांनी ती बाटली घेतली आणि सगळी पिऊन टाकली.

"पाणी जड असतं, पोरी. ते वर कामून जाईल? काय शिकवतात गं शाळंत?"

"पाणी वर जात नाही, गाडी वर जाते! तुम्ही झाकण लावा ना!"

"झाकण लावलं तर चोरी दिसंल कशी?"

चोरी पकडायला झाकण काढलं, झाकण नाही म्हणून पाणी गेलं, आणि पाणी गेलं म्हणून चोरी झाली! सावनी पाय आपटत परत आली.

"एकदा तरी टँकरच्या मागे मोटारसायकल घाला म्हटलं, तर म्हणतात वेळ नाही," ती म्हणाली. "ते बघायला येणार नाहीत."

"मग आपणच दाखवायला आणू," हिमांशू म्हणाला.

"काय आणणार? सांडलेलं पाणी? ओंजळीत?"

"अंगावर!"

सकाळी तिघं पहिल्या चढाच्या पायथ्याशी उभे होते, कोरडे ठणठणीत. आप्पासाहेब मोटारसायकलवरून भुर्रकन गावाकडे निघून गेले. त्यांना मागे वळून बघायची सवयच नव्हती. मग टँकर आला. चढ लागताच त्याने गिअर बदलला आणि तो घरघरत, रखडत वर निघाला.

"मागे राहा, पण फार मागे नको!" सावनी ओरडली. "आणि हिमांशू, आज उतरायचं नाही! उतरलास की गाडी पुढे जाईल आणि तू कोरडाच राहशील!"

"उतरतोय कोण!"

टाकीचं नाक वर गेलं, आणि मागच्या तोंडातून पाण्याचा लोट बदकन बाहेर आला! रस्त्यावरचा खड्डा आला की धबाक्! पाणी उसळायचं आणि वाऱ्याने तिघांच्या अंगावर यायचं. सावनीची वेणी भिजली. माऊली हसत होता आणि खोकत होता. हिमांशूच्या मांड्या पेटल्या होत्या. दर दोन पेडलांना त्याला वाटायचं की आता उतरावं, आणि दर वेळी त्याला आत्याचा कालचा चेहरा आठवायचा. मग तो दात ओठ खाऊन पुढचं पेडल मारायचा. मान खालीच होती, पण आज तो गवत बघत नव्हता.

माथ्यावर पोचला तेव्हा तो नखशिखांत भिजला होता आणि सायकलवरच होता.

"जमलं तुला!" माऊली ओरडला. या खेपेला त्याने शीळ हिमांशूसाठी वाजवली.

शेततळ्यावर सगळं गाव जमलं होतं. इंजिन आणलेलं, पाइप पाण्यात सोडलेला. आत्या पाइपावर पाय रोवून उभी होती. तिच्यासमोर आप्पासाहेब.

तेवढ्यात टँकर आला, गर्दी बघून तिथेच थांबला आणि त्याच्या मागून तीन निथळती पोरं आली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग चतुराबाई कडाडल्या.

"अरं, आमाला प्यायला नाय, आन् ही लेकरं अंघोळ करून आली!"

"केली नाही! टँकरने घातली!" हिमांशूने शर्ट काढला आणि चतुराबाईंच्या रिकाम्या घागरीवर पिळला. पाणी घागरीत वाजलं. "हे घ्या! हे गावाचं पाणी! रोज चढावर असंच सांडतं!"

"आप्पासाहेब, टँकरवर चढा आणि बघा," सावनी म्हणाली.

आप्पासाहेब चढले. खाली वाकले. "हातभर कमी! सांगत नव्हतो? चोरी!"

"विहिरीवर भरलेला होता?"

"काठोकाठ! मी बघितला!"

"मग आत्याने पाणी घेतलं कधी? तुम्ही आलात तेव्हापासून ती इथे तुमच्यासमोर उभी आहे!"

आप्पासाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, अगदी टँकरच्या तोंडासारखं.

"गाडी वाटंत कुठंच थांबली नाय," कचरू हळूच म्हणाला. "लेकरं मागंच व्हती."

"चढावर गवत उगवलंय त्या पाण्यावर," माऊली म्हणाला.

"त्या गवतावर तर माझ्या शेळ्या चरतात!" चतुराबाई बोलून गेल्या.

"मग काकू, दुष्काळात हिरवं कुठून आलं, असं कधी विचारलं नाय?" माऊलीने विचारलं.

"शेळ्यांनी नाय विचारलं!" चतुराबाई फणकारल्या, पण त्यांनी मान खाली घातली.

झाकण आणायला माणूस धावला. ते आप्पासाहेबांच्या गच्चीवर होतं. त्यावर त्यांच्या बायकोने कैरीच्या फोडी वाळत घातल्या होत्या! झाकणाला चिकटलेलं मीठ-हळद पुसून ते टाकीवर घट्ट बसवलं. दुसऱ्या खेपेला आप्पासाहेबांना टँकरच्या मागून यायला लावलं, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. सगळं गाव वेशीपाशी वाट बघत उभं राहिलं.

आप्पासाहेब आले. कोरडे! कपड्यांवर एक थेंब नाही! त्या दिवशी चतुराबाईंचा ड्रम गळ्यापर्यंत भरला.

आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर आत्यापुढे हात जोडले. "मालनबाई, चुकलो मी. चोर शोधत फिरलो, आन् चोर माझ्याच गच्चीवर." मग ते पोरांकडे वळले. "शाब्बास रे वाघांनो! पुढं मागं बघणारं कुणी तरी पायजे गावात!"

"मागं बघितलं असतं, तरी पुरलं असतं!" हिमांशू पुटपुटला. आत्याने त्याला एक चापट मारली आणि मग चुरगळलेल्या शर्टासकट जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले होते.

सुट्टी संपत आली तेव्हा तिघं पुन्हा त्याच रस्त्याने निघाले. पहिल्या चढावर सावनी पुढे, माऊली तिच्या मागे. हिमांशू सगळ्यात शेवटी, धापा टाकत, मान खाली घालून. पण सायकलवर.

अर्ध्या चढावर तो एकदम ओरडला, "ताई! गवत वाळलं!"

सावनीने ब्रेक दाबला. कडेचं गवत मुळापासून पिवळं पडलं होतं. पलीकडे मात्र आत्याची बाग हिरवीगार होती. त्या दुष्काळात वाळलेलं गवत बघून आनंदाने आरडाओरडा करणारी पंचक्रोशीत ही तीनच माणसं होती.

"चला!" सावनी म्हणाली. "हा शेवटचा चढ!"

"खोटारडी!" हिमांशू म्हणाला आणि त्याने पेडल मारलं.