मागच्या सीटवर जागा नव्हती

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही.

या पेजवर मी कधीपासून वाचते. अमावस्या, सामसूम रस्ता, पांढरी साडी... वाचते आणि हसून सोडून देते. त्यामुळं स्वतःवर वेळ आली तेव्हा लिहू की नको, यातच दोन महिने गेले. यातला एकही शब्द पदरचा नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे दिसलं तेवढंच रिपोर्टवर लिहायचं, ही माझी बारा वर्षांची सवय आहे.

वेळ भर दुपारची. एक वाजायला दहा मिनिटं कमी.

वार शनिवार, मार्च महिना. जागा जालना रोड, सेव्हन हिल्सचा पूल उतरल्यावर. संभाजीनगरची माणसं सांगतील, त्या वेळी तिथं पाय ठेवायला जागा नसते.

मी विशाखा. आम्ही मुकुंदवाडीत राहतो. घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचं नाव गीताबाई, मी त्यांना आई म्हणते. सासरे कचरू, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. माझे मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात.

आमचं घर बौद्ध. उतारा, नवस, लिंबू-मिरची असलं काही दारातसुद्धा येत नाही. भानामतीचं नाव काढलं तरी अण्णा भाषण सुरू करतात. म्हणजे घाबरायची सवय आम्हाला कोणालाच नाही.

आईंच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा उस्मानपुऱ्यात डायलिसिस. सकाळी सातला सोडायचं, बाराला आणायचं. चार तास मशीनवर राहिलेलं माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखं होतं. आणि मग रिक्षात ताठ बसून, खड्डे खात घरी यायचं.

आईंनी आयुष्यात कशाला हट्ट केला नाही. एकदाच म्हणाल्या, "पोरी, येताना जरा आडवं व्हायला मिळालं तर लई बरं वाटंल."

बस, एवढ्यासाठी गाडी घ्यायची ठरली.

आमच्या अण्णांना धीर म्हणून नाही. मला न विचारता एकटेच चिकलठाण्याकडच्या एका गाडीबाजारात गेले आणि पांढरी, पाच सीटची गाडी ठरवूनच आले. खुशीत होते.

"एजंट माणूस इमानदार हाय," अण्णा म्हणाले. "टोटल गाडी हाय म्हणाला. पहलेच बोल देरा चाचा, टोटल है, बाद में नको बोलो, असं तोच बोलला. म्हणजे कागद, टायर, कव्हर, सगळं टोटल त्यातच. वरून काय मागणार नाय."

मलाही खरं वाटलं. आईंनी गाडीजवळ उभं राहून त्रिसरण म्हटलं. मी गल्लीत पेढे वाटले.

आठ दिवसांनी मी विमा काढायला गेले. काउंटरवरच्या बाईनं कागद बघितले, परत बघितले आणि विचारलं, "मॅडम, ही टोटल लॉसची गाडी आहे. माहितीये ना तुम्हाला?"

तेव्हा कळलं टोटल म्हणजे काय ते.

अपघातात गाडी इतकी जाते की दुरुस्त करण्यापेक्षा विमा कंपनी मालकाला भरपाई देऊन मोकळी होते. सांगाडा लिलावात जातो. मग कोणीतरी तो ठाकठीक करून, रंग मारून पुन्हा बाजारात उभा करतं. बाजारात अशा गाडीला नुसतं टोटल म्हणतात. त्या एजंटनं खरंच आधी सांगितलं होतं. आमच्याच डोक्यात उजेड पडला नव्हता.

मी घरी येऊन अण्णांना नाही नाही ते बोलले. मला राग आला की मी कोणाचं ठेवत नाही. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ठेवायची की परत करायची? घरात दुसरा विषयच नव्हता.

शेवटी गाडी सांडूभाईंकडं नेली. ते आमच्या ओळखीचे, चिकलठाण्याच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, एक चक्कर मारून आणली.

"इंजिन एक नंबर आहे, भाभी. ब्रेक चांगला. टोटल गाड्या शेकड्यानं फिरतात शहरात. चलाव बिनधास्त."

तरी माझं समाधान होईना. कागदांवर जालन्याच्या पहिल्या मालकाचं नाव होतं, नानासाहेब. खटपट करून नंबर मिळवला आणि फोन लावला. विचारायलाच जीभ रेटत नव्हती.

"ताई, कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "सिग्नलला उभा होतो, मागून ट्रॉली येऊन आदळली. मागचं सगळं चेपलं. मी एकटाच होतो, आणि आज तुमच्याशी बोलतोय."

माझ्या जिवात जीव आला. गाडीत कोणी गेलेलं नव्हतं. गाडी ठेवायचं ठरलं.

मागच्या सीटवर मी उशी आणि सोलापुरी चादर ठेवली. दोन्ही मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावला, म्हणजे दार आतून उघडत नाही. डायलिसिसनंतर आईंना कधीकधी चक्कर येते, म्हणून.

पहिल्या दिवशी सेंटरवरून निघालो. गाडी मी चालवत होते. क्रांती चौकात सहज आरशात बघितलं...

आई आडव्या झालेल्या नव्हत्या.

डाव्या दाराला चिकटून, खांदे आवळून बसल्या होत्या. उशी मांडीवर.

"आई, अहो झोपा ना. सगळी सीट तुमचीच आहे."

आई जरा हसल्या. म्हणाल्या, "जागा कुठं हाय?"

मला वाटलं बीपी कमी झालंय. डायलिसिसनंतर माणूस असं काहीबाही बोलतं. घरी येऊन बीपी घेतलं.

नॉर्मल होतं.

गुरुवारी तेच. शनिवारीही तेच. जाताना सकाळी ऐसपैस बसायच्या. येताना मात्र दाराशी. काळी-पिवळी जीपमध्ये चौघांच्या सीटवर सहाजण बसले की कडेचं माणूस कसं अर्ध्या ढुंगणावर बसतं, अगदी तसं.

एकदा औषधांची पिशवी हातात धरून हात दुखायला लागला त्यांचा. मी वैतागून म्हटलं, "बाजूला ठेवा की ती पिशवी."

"कुणाच्या मांडीवर ठिवू?" आई म्हणाल्या.

मी एसी बंद केला. उगाचच थंडी वाजायला लागली होती.

मग गाडीचा मागचा भाग स्पीड ब्रेकरला घासायला लागला. सकाळी जाताना नाही. फक्त येताना. आईंचं वजन बेचाळीस किलो. माझं सांगत नाही, पण मी पुढं बसते.

मी स्वतःला समजावत राहिले. स्प्रिंग जुनी असेल. आईंना भास होत असेल. लॅबमध्ये रात्री स्लाइड बघतानासुद्धा डोक्यात तेच. अण्णांना सांगायची सोय नव्हती. आधी मीच त्यांना इतकं बोलले होते, आणि आता भुताची गोष्ट कोणत्या तोंडानं सांगू?

आणि तो शनिवार आला.

आई त्या दिवशी फार थकल्या होत्या. गाडीत बसवलं तेव्हा डोळे मिटलेले. मी काचा लावल्या. रेडिओ बंद, फोन पर्समध्ये.

पूल चढलो. मी आरशात बघायचं टाळत होते.

पूल उतरताना...

"सरका की थोडं, मावशी."

बाईचा आवाज. हळू, अदबीचा. माझ्या मानेच्या मागून. माझ्या गाडीतून.

आणि आईंचं लगेच उत्तर, झोपेतच, "सरकते, माय."

त्याच क्षणी गाडीत गरम वारा शिरला. हॉर्न, ट्रकचा आवाज, सगळा रस्ता एकदम आत आला.

डावं दार सताड उघडं होतं.

मी ब्रेकवर उभीच राहिले. मागून एक मोटरसायकलवाला शिव्या देत, हँडल वळवत निघून गेला. त्याचं चाक दाराला जेमतेम चुकलं. आईंचा एक पाय बाहेर लोंबत होता आणि एका हातानं वरचा पट्टा धरलेला. मी उडी मारून गेले, त्यांना आत ढकललं. आई मात्र शांत होत्या.

मी दाराच्या कडेला बघितलं. चाइल्ड लॉक...

लावलेलाच होता.

सीटकडं बघितलं. सीट रिकामी. पण नवीन रेक्झीनचं कव्हर दोन ठिकाणी दबलेलं होतं. माझ्या डोळ्यादेखत एक खळगा हळूहळू वर आला.

दुसरा आला नाही.

तिथून आईंना मी पुढं माझ्या शेजारी बसवून आणलं. घरी नाही, सरळ सांडूभाईंच्या गॅरेजवर. त्यांनी स्टूल दिलं, आई बसल्या, अर्धा घोट चहा घेतला. त्यांना जास्त चालत नाही.

सांडूभाईंनी चाइल्ड लॉक दहा वेळा लावून बघितला. दहाही वेळा दार आतून उघडलं नाही. मग गाडीच्या मागं बसून त्यांनी चाकांकडं पाहिलं.

"भाभी, मागं किती माणसं बसवता रोज?"

"एक. ह्याच आई."

"स्प्रिंग पुरी बसलीये. तीन-चार जणांचं वजन घेतलंय हिनं."

मग त्यांनी सीट काढली, खालची चटई उपसली, टॉर्च मारला आणि मला बोलावलं.

पत्र्यावर आडवी जोडाची रेघ होती. या दारापासून त्या दारापर्यंत, पूर्ण. वरून रंग मारलेला.

"गलती माझी, मी इंजिनच बघितलं," सांडूभाई खाली मान घालून म्हणाले. "ही दोन गाड्या कापून एक केलीये. पुढचा नंबर जालन्यावाल्याचा. मागचं धड दुसऱ्याच टोटलचं."

"कोणाच्या गाडीचं?"

"पुढच्याचा मालक मिळतो, भाभी. मागच्याला नंबरच नसतो."

मी नानासाहेबांना फोन केला होता. सगळी चौकशी केली होती. आणि सगळी चौकशी अर्ध्याच गाडीची झाली होती.

गाडी तिथंच सोडली. रिक्षा केली.

रिक्षात मी आईंना घट्ट धरून बसले. गाडीत मीही तो आवाज ऐकला, हे त्यांना सांगितलं. आई जराही चकित झाल्या नाहीत.

"मला आधी का नाही सांगितलं?" मी रडकुंडीला आले होते.

"सांगितलं की. जागा नाय म्हणलं ना."

"किती जण होते?"

"दोघी. मायलेकी असतील. मागून एक गडी यायचा कधीकधी."

"कशा दिसत होत्या?"

"तोंडाकडं कशाला बघू? शेजारी बसलेल्या माणसाकडं टक लावून बघू नाय. पण बोलायला चांगल्या व्हत्या."

"बोलायला? काय बोलायच्या?"

"काय बोलतात गाडीतली माणसं? गाव कोणतं, पोरं किती. मी विचारलं, कुठं उतरायचंय बायांनो. तर म्हणाल्या, आमचं मागंच राहिलं. मग त्यांनी मला विचारलं."

"काय विचारलं?"

"तुम्ही कुठं उतरणार म्हणून."

रिक्षा मुकुंदवाडीच्या गर्दीत हळू झाली होती. मी आईंचा हात धरला. सुईचा नाही, दुसरा.

"मग... तुम्ही सांगितलं?"

आई बाहेर बघत राहिल्या. एक भाजीवाली हातगाडी लोटत चालली होती, तिच्याकडं.

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "विचारल्यावर सांगावं लागतंच की."

"काय सांगितलं, आई?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर मी कितीतरी वेळा विचारलं तेव्हाही नाही. अण्णांनी विचारलं तर म्हणाल्या, "आमचं बायांचं बोलणं हाय ते."

या गोष्टीला दोन महिने झाले. गाडी सांडूभाईंच्या शेडमागं ताडपत्रीखाली आहे. विकायची आमची हिंमत नाही. कापून टाकायला सांडूभाई तयार नाहीत.

आईंचं डायलिसिस चालू आहे, रिक्षानंच. रिपोर्ट चांगले येतात. मीच तपासते. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, सगळं आधीपेक्षा बरं आहे. डॉक्टर खूश आहेत.

पण रिक्षा कुठंही हळू झाली की माझं लक्ष रस्त्याकडं नसतं, आईंच्या हाताकडं असतं.

परवा गुरुवारी आकाशवाणीजवळच्या सिग्नलला रिक्षा थांबली. आईंनी डोळे उघडले. पदर सावरला. पिशवी उचलून मांडीवर घेतली, चपलेत पाय सरकवले.

"आई," मी म्हटलं. "आपलं घर यायचंय अजून."

"ठाव हाय गं," आई म्हणाल्या. "उतरताना मागनं गर्दी व्हते. जरा तयारीत राहिलेलं बरं."