तीन गाठींचा दोर

"नावं पाठ करू नका, पोरांनो. दोराला हात लावून विचारा!"

लव्हडे आजी जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिचा हा आवाज मॉरवेनाच्या कानात अजून भरतीसारखा यायचा. सुट्टीत ती आणि धाकटा भाऊ जोरी कॉर्नवॉलला आले. आजीच्या शिडाच्या होडीवर पाऊल ठेवताच मॉरवेना थबकली.

"जोरी, बघ! दोरांच्या टोकांना आजीच्या गाठी अजून तशाच! पुढच्या शिडाला एक, वरच्याला दोन, मोठ्याला तीन!"

"घाण दिसतात, सोडवून टाका!" डेन्झिल मामा सुकाणूवरून म्हणाला. "आणि लुडबुड नको. मला दोर कळतात!"

काम अंगात मुरलेल्या माणसाला आमच्या किनाऱ्यावर 'याला दोर कळतात' म्हणतात. मामा वर्षातून एकदा प्लायमथ शहरातून यायचा.

"कळतात म्हणे! काल त्यातच पाय अडकून आपटला," जोरी कुजबुजला.

दोघं हसले. गाठ मात्र एकही सोडवली नाही.

खाडीच्या तोंडाशी वारा एकदम फिरला. वरचं शीड फाडकन कोसळलं! डोलकाठीचा बुंधा, सगळे दोर त्याखाली गडप! होडी थेट काळ्या खडकाकडे सुटली.

"मोठं शीड उतरवा!" मामा ओरडला. "तो दोर... पांढरा! छे, तपकिरी..."

"मामा, तुला दोर कळतात ना!" मॉरवेना ओरडली.

जोरी तोवर कापडाखाली शिरला होता. आत मिट्ट काळोख. बोटांना एक गाठ लागली. शेजारच्या दोराला दोन. मग एक, दोन... तीन!

"सापडला!"

त्यानं दोर सोडला. शीड सरसरत उतरलं, होडी मंदावली, वळली. खडक हातभर अंतरावरून मागे गेला.

धक्क्यावर पास्को आजोबा उभे होते.

"बाबा, होडी गेलीच होती," मामा मान खाली घालून म्हणाला. "या दोघांनी वाचवली. गाठींवरून!"

"शाब्बास, माझ्या वाघांनो!" आजोबांनी दोघांना जवळ ओढलं. "आजी पत्र का लिहीत नाही, असं विचारायचात, तेव्हा मी काय सांगायचो?"

"'ती जरा हवेखाली आहे!'" जोरी म्हणाला. बरं नसलं की आम्ही दर्यावर्दी असंच म्हणतो.

"खोटं होतं ते. शेवटची सात वर्षं तिला दिसतच नव्हतं. 'सांगू नका, नाहीतर मला धक्क्यावर बसवतील,' म्हणायची. सुकाणू माझ्याकडे, दोर सगळे तिच्याकडे."

मॉरवेनानं होडीतलं तीन गाठींचं टोक आजोबांपुढे धरलं.

"आम्हाला शिकवायची, तेव्हा?"

आजोबांनी तीन गाठींवरून अंगठा फिरवला.

"तेव्हाही."