डाव्या कानाची खाच

लेकीचं बाळंतपण उरकून साखरबाई वालचंदनगरहून एस्टीनं परतली, ती घरी न जाता तडक लोणी देवकरच्या माळावर दिराच्या, दादासोच्या, वाघरीपाशी, मेंढरं कोंडायच्या जाळ्यापाशी गेली. मेंढरांना कधी एकदा बघते असं तिला झालं होतं.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा. जाताना तिनं आपली मेंढरं दादासोच्या हवाली केली होती. माहेरचं आंदण ते. नवरा गेल्यावर तिची चूल त्यांच्याच जिवावर पेटायची. घरातल्या घरात कागद कोण करतंय? दादासोनं बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला, "सांभाळतो" म्हणाला, झालं. तिच्या मेंढरांच्या डाव्या कानाला आडवी खाच असायची. दादासोच्या मेंढरांची खाच उजव्या कानाला.

वाघरीत आता फक्त त्याची मेंढरं होती.

"लांडग्यानं नेली, वैनी," दादासो म्हणाला. भर उन्हात त्यानं कानांवरून मफलर गच्च आवळला होता.

"समदी? आन् तुमची तेवढी कडू लागली व्हय त्याला?"

वाघरीला लागूनच असलेल्या त्याच्या घराच्या दारात नवी कोरी मोटारसायकल उभी होती. ती बघून साखरबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"मेल्या, देवाचा भंडारा लावून इकलीस माझी मेंढरं! राखायला दिलेलं इकणं म्हंजे चोरीच. कलम लागतं त्याला. ही निघाले चौकीत."

"जा की. तुझी व्हती म्हून खूण काय दावशील?"

खूण कसायाकडं गेली होती. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात एक कोकरू तिच्या पायाशी आलं. कालचंच असावं, नाळ अजून ओली होती. तिनं उचललं. डाव्या कानाला आडवी खाच होती. जुनी, भरलेली, वर लव आलेली.

तिनं दुसरं उचललं. तिसरं.

"कुणी पाडली ही?"

दादासोची बायको सारजा उंबऱ्यात उभी होती. "कुणीच न्हाय, आक्का. जल्मतानाच येतीय."

एवढं बोलून ती नवऱ्याच्या मफलरकडं बघत राहिली.

साखरबाईनं मफलर ओढला.

डावा कान. आडवी खाच. जुनी, भरलेली.



"बरं झालं," ती दातओठ खाऊन म्हणाली. "हवालदाराला दावायला खूण घावली."

तिनं चौकीची वाट धरली आणि सवयीनं हाळी दिली, "हुर्रर्र, चला गं."

कोकरं निघाली. सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून, दादासो. रवंथ केल्यागत त्याचं तोंड सारखं हलत होतं. तोंडात काहीच नव्हतं.