काळ्यांचा ळ

बाबा गेले, आई धारला माहेरी राहायला गेली आणि देवासच्या छापखान्याला गिऱ्हाईक मिळालं. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे भट्टीत जाणार होते. त्याआधी बाबांचा टाइप संगणकात उतरवायचा, एवढी मुदत मी मागून घेतली. हे दोन हजार तीन सालचं.

एकेक खिळा घ्यायचा, शाई लावून ठसा उठवायचा, स्कॅन करायचा, माउसने कडेकडेने रेघ ओढायची. एबी रोडवर माझ्या आत्तेभावाचं, पियूषचं संगणकाचं दुकान होतं. तिथेच मी बसायचे.

टाइप ओळखायला वेळ लागला. लचं पोट अंमळ चपटं, शची गाठ उघडी. शेवटी पुण्याहून एकांनी टाइप ओतणाऱ्या जुन्या फाउंड्रीचा नमुनातक्ता पाठवला, त्यात हुबेहूब सापडला. हिंदीसाठी ओतलेला टाइप. त्यात ळ नव्हताच. छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसमध्ये एका खणावर बाबांच्या अक्षरात ळ लिहिलेला होता, पण आत नुसती धूळ.

"छोड ना ताई," पियूष म्हणाला. "हिंदीत ळ लागतो कुणाला?"

"तुझ्या मामाचं आडनाव काय होतं रे?"

"काले." मग त्याचं त्यालाच हसू आलं. "अच्छा, अच्छा. काढ बाई."

बाबांचं नाव बाबांच्या टाइपात लिहिता येत नाही, हे मला सहन होणार नव्हतं. ल या अक्षरावरून जाडी घेतली आणि ळ मीच काढला. डाव्या गाठीखाली माउस सटकला, कडेला बारीक खाच पडली. उद्या नीट करू म्हणून तशीच ठेवली.

सकाळी छापखाना उघडला. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

ळच्या खणात मूठभर खिळे होते. जुन्या शाईने काळे पडलेले, कडा झिजलेल्या. धूळ त्यांच्यावरही होती.

ठसे घेतले. डाव्या गाठीखाली खाच. सगळ्यांना.

"कसमसे, मी नाही," पियूष म्हणाला. "आणि ये तो पुराने हैं, ताई."

एक खिळा रुमालात बांधून मी धारची बस धरली.

आईने तो बोटांत फिरवला. अक्षर उलटं असूनही अडखळली नाही. "काळ्यांचा ळ," म्हणाली. उठून तिने ट्रंकेतून स्वतःची लग्नपत्रिका काढली. बाबांनीच छापलेली. 'काळे' वर बोट ठेवलं.

खाच होती.

"तेव्हाच दिसली होती मला. म्हटलं, स्वतःच्या लग्नात तरी धड अक्षर लावायचं."

"मग?"

"हसले. म्हणाले, असू दे, तिचा हात हलला."

 आईने पत्रिका घडीवर मिटली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, असेल कुणी बाई. तू व्हायच्या आधी एकदा खोदून तिचं नाव विचारलं ह्यांना."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नाव अजून ठेवायचंय."