पुसखूण

सूर्य मध्ये आला, की मंगळाशी बोलणं बंद पडतं. साधारण दोन वर्षांनी येणारा हा मौनाचा काळ लोणारजवळच्या अवकाश-संपर्क केंद्रातले लोक सुट्टीसारखा घालवत. या खेपेला मात्र डॉ. मेघश्याम सोनटक्के रोज सगळ्यांच्या आधी येऊन पडद्यासमोर बसत होता.

त्याचं काम ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटे. मंगळावरची माणसं आणि त्यांचे घरचे मिळून एक खेळ खेळत. त्या खेळाच्या जतन-संचिका, म्हणजे दोन्हीकडे सेव्ह झालेल्या प्रती, तो जुळवून ठेवी. नुसत्या निरोपांत काही दिवसांनी बोलायला काही उरत नाही. मिळून काहीतरी करायला लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी फार आधी सांगितलं होतं. मेघश्यामची बायको उत्तरा मंगळावर वनस्पतिशास्त्रज्ञ होती. दोघांची खेळातली एक दरी होती. तो बांध घाली, ती त्यावर बागा लावी. चार वर्षांत दरी भरून गेली होती.

संदेश पोचायलाच वीस-वीस मिनिटं लागत, म्हणून दोघांकडे आपापली प्रत असे. पूर्वी नियम साधा होता: शेवटी जतन झालेली प्रत खरी. त्यापायी एका मुलीने दिवसभर खपून बांधलेली शाळा बापाने लावलेल्या एका झाडाने पुसली गेली होती. तेव्हा मेघश्यामने प्रती जुळवायचा नवा नियम, 'संगम', रचला. दोन्ही प्रतींतलं सगळं राखायचं. एकाच जागी दोन वस्तू आल्या, तर एकीला सरकवून शेजारी बसवायचं. आणि कुणी काही पुसलं, तर त्याने जे पाहिलं होतं तेवढंच पुसायचं.

मौन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी उत्तराने कळवलं, की तिने मुक्काम आणखी दोन वर्षं वाढवून मागितलाय. मागितलाय; त्याला विचारलं नव्हतं. मेघश्यामने उत्तर पाठवलं, "मग तिकडेच राहा." पुढचं काही बोलायच्या आत सूर्य आड आला.

त्या रागात त्याने दरी पुसली. बांध, बागा, घरं, सगळं. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःची लाज वाटली आणि तो सहकारी नसीम मुल्लाकडे गेला.

"राखीव प्रत आहे ना? ती परत चढवा," नसीम म्हणाली.

"चढवून उपयोग नाही. संगमात ती पुन्हा पुसली जाणार. पुसलेल्या प्रत्येक वस्तूची पुसखूण राहते. ती नसती, तर दुसऱ्याच्या जुन्या प्रतीतून पुसलेलं सगळं भुतासारखं परत उभं राहिलं असतं."

"मग खुणाच काढून टाका. नियम तुमचाच आहे."

"सगळ्या घरांच्या संचिका त्याच नियमावर आहेत, नसीम. माझ्या भांडणासाठी तो वाकवू कसा?"

नसीमने पडद्यावरची पुसल्याची तारीख पाहिली. मग म्हणाली, "पण मौन सुरू झाल्यावर उत्तराताईंनी जे लावलं असेल, ते तुम्ही पाहिलेलं नाही. ते राहील."

तेवढ्या आशेवर मेघश्यामने पुन्हा खेळ उघडला. दरी रिकामी असली, की खेळ माणसाला ओढ्याकाठी उतरवतो. त्याने तिथेच एक खोली बांधली. बांधताना त्याच्या मनात सारखं येई, की उत्तरा खेळ उघडेल, बागा शोधेल आणि तिला ही एवढीशी खोली दिसेल.

संपर्क जुळला त्या सकाळी आधी वसाहतीचे तातडीचे अहवाल उतरले, मग औषधांच्या मागण्या. खेळाच्या संचिका नेहमीप्रमाणे शेवटी आल्या. नसीम त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. संगम पूर्ण झाला. दरी बोडकीच होती; पण ओढ्याकाठी त्याच्या खोलीला भिंत लावून दुसरी खोली उभी होती.

"हे शक्य नाही," मेघश्याम म्हणाला. "भरल्या दरीत खेळ तिला इथे उतरवणारच नाही."

त्याने पुसलेल्या वस्तूंची नोंद उघडली. प्रत्येक बांधावर, प्रत्येक झाडावर दोन पुसखुणा होत्या. एक त्याची. दुसरी मंगळावरची, त्याच दिवसाची.

नसीम हळूच बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

उत्तराचा निरोप आला, तेव्हा तिच्याकडेही संगम झालेला होता. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती. "श्याम, तुझं ते वाक्य ऐकलं आणि मी सगळं उपटून टाकलं. मग रोज रडत ती खोली बांधली. तुला काय तोंड दाखवू, असं झालं होतं. तूही तेच केलंस होय?" ती थांबली. "मुक्कामाचं अजून नक्की झालेलं नाही. आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. काय करू?"

मेघश्यामने निरोप दोनदा ऐकला. मग उत्तर रेकॉर्ड करायला घेतलं. "तिथे अजून काय उगवायचं राहिलंय, ते आधी मला सांग," तो म्हणाला. "सविस्तर सांग. मी ऐकतोय."

ते पाठवून तो खेळाकडे वळला. दोन खोल्यांच्या मध्ये दोन भिंती एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, एक त्याची, एक तिची. आता दोन्ही त्याने पाहिल्या होत्या. पुसायची म्हटली तर कुठलीही पुसता आली असती. त्याने आपली पुसली आणि तिची तिच्यावर सोडली.